स्कूटर पडली त्या दिवशी

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाला निघाले तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी भांडायला निघाले होते. काय काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलं होतं, आणि ते बोलून झालं की पुन्हा त्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असंही ठरवलं होतं. पाऊल हा शब्द तेव्हा मनात आला आणि माझं मलाच कडवट हसू आलं.

चार वर्षांपूर्वीपर्यंत मी नागपुरातल्या एका शाळेत पीटी शिकवत होते. तरुणपणी खो-खो खेळलेली बाई मी. पन्नाशी उलटली तरी मुलींबरोबर मैदानाला दोन चकरा मारल्याशिवाय मला करमत नसे. एका सकाळी प्रार्थनेला उभी असताना तळव्यांना मुंग्या आल्या. दुपारी गुडघे सावरेनात. संध्याकाळी धंतोलीच्या एका दवाखान्यात मी पाठीवर पडून छताकडे पाहत होते. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पुढे सूज उतरली, पण पाय परत आले नाहीत. कमरेखालचं शरीर माझंच होतं आणि माझं नव्हतं.

दवाखान्यात आई उशाशी बसून असायची. तिचं माहेर चामोर्शीकडचं, मार्कंड्यापासून जवळच. तिनं नवस बोलला की माझी लेक बरी झाली की तिला घेऊन तुझ्या दारी येईन. मी बरी झाले नाही आणि दोन वर्षांनी आईच गेली. जायच्या आधी एकदा म्हणाली, "मी नाही नेऊ शकली तुले. तू जाऊन ये." मी चिडून म्हटलं, "आई, मी बरी कुठं झाली? मग नवस कसला फेडायचा?" ती डोळे मिटूनच म्हणाली, "नवस त्याचा नाही वं, माझा आहे." घरातल्या देवाजवळचा दिवाही मी तोवर सोडूनच दिला होता. तो हे लावायचे. हे म्हणजे माझे यजमान.

आजारापेक्षाही मला जे सोसलं नाही ते उचलून घेणं. सुरुवातीच्या महिन्यांत भाच्याच्या लग्नात चार पुरुषांनी मला खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. खुर्ची एका अंगाला कलली, साडी पोटरीपर्यंत सरकली, मला ती खाली ओढता येईना कारण दोन्ही हातांनी खुर्ची धरलेली. कोणीतरी म्हणालं, "सांभाळा, पोतं नाही ते." म्हणणाऱ्यानं चांगल्या मनानंच म्हटलं असेल. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, मला कोणी उचलायचं नाही. जिथं माझी मी जाऊ शकणार नाही तिथं जायचंच नाही. मग आपोआप मी कुठंच जाईनाशी झाले. नंदनवन वस्तीतल्या आमच्या तळमजल्याच्या दोन खोल्या आणि समोरचं अंगण, एवढ्यात चार वर्षं गेली.

हे आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. बोलणं कमी, हात सतत चालू. माझ्यापुढं दोन अडचणी आहेत हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं: बाहेर गेलं की मला संडासाची सोय नाही आणि चालायला पाय नाहीत. पहिल्यासाठी त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि आठ महिने खपून तिचं घर केलं. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि पडद्याआड कमोड. दारातून आत सरकायला एक गुळगुळीत सागवानी फळी, जिच्यावरून मी हातांच्या जोरावर एकटी आत जाऊ शकत होते. गल्लीत तिला सगळे घरगाडी म्हणू लागले. दुसऱ्या अडचणीसाठी मुलीनं पुण्याहून बॅटरीवर चालणारी स्कूटर पाठवली. चार लहान चाकं, पुढं हँडल, बसायला गुबगुबीत सीट. अंगठ्यानं खटका दाबला की चालते. पहिल्या दिवशी मी ती अंगणाबाहेर काढली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत एकटी जाऊन एक जुडी पालक घेऊन आले. त्या पालकाची भाजी करताना मी रडले होते, हे यांना अजून माहीत नाही.

आता ही स्कूटर घरगाडीत मावेना. आत ठेवली तर पलंग काढावा लागे, नाही तर कमोड. मग यांनी गाडीच्या मागं लोखंडी कॅरियर बसवलं. गाडीच्या चेसिसला बोल्ट मारून लोखंडी चॅनलचे दांडे लावले, त्यांवर जाळीचा तळ, आणि मागून चढायला एक रॅम्प. स्कूटर वर चढली की हाच रॅम्प उभा करायचा म्हणजे त्याची मागची भिंत होते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकं पाडलेल्या कानांतून बोटाएवढी जाड पिन घालायची. स्कूटरला निळी ताडपत्री गुंडाळायची आणि वरून इतवारीच्या बाजारातून आणलेले दोन रुंद पट्टे आवळायचे. नंबरप्लेट आणि मागचा लाल दिवा झाकला जातो म्हणून तेही काढून कॅरियरच्या टोकाला लावले. "ऐंशी किलोची गाडी आहे, दोनशेचा भार घेईल असं केलं," असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा आनंद होता.

म्हणून मग मी म्हटलं, चला मार्कंड्याला. त्यांना वाटलं मन वळलं. मला मात्र त्या देवाला दाखवायचं होतं की बघ, तुझ्यावाचून आले, माझ्या चाकांवर आले, कोणाच्या हातावर नाही. यांनी घडीची व्हीलचेअरही सोबत घेतली होती. मी ती निघताना उतरवून ठेवायला लावली, कारण ती मागून कोणाला तरी ढकलावी लागते.

मार्गशीर्षातली थंडी होती. उमरेड, भिवापूर, नागभीड मागं पडलं. सिंदेवाहीच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. मी गाडीतच बसून चहा घेतला असता तर काही बिघडलं नसतं. पण टपरीवाला आणि त्याचे दोन गिऱ्हाईक दाराशी येऊन आपुलकीनं म्हणाले, "बाई, उन्हात बसा ना बाहेर. आम्ही उचलून घेतो तुमाले, दोन मिनटाचं काम." माझं डोकं फिरलं. मी यांना म्हटलं, "स्कूटर काढा." हे म्हणाले, "पाच मिनटासाठी काहून वं? पट्टे सोडा, ताडपत्री काढा..." मी म्हटलं, "काढा म्हटलं ना." त्यांनी काढली. मी त्या सगळ्यांसमोर टपरीला एक चक्कर मारली, उन्हात बसून चहा प्याले, आणि मग निघायची घाई लावली. दुपारी गाभारा बंद झाला तर, हे माझं पालुपद. हे स्कूटर चढवत होते आणि मी दारातून ओरडत होते, "झालं का? किती वेळ?"

मूल गाव सोडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूनं खोदलेलं, गिट्टी पसरलेली, गाडी गचके खात चाललेली. मागून कुठून तरी ठण ठण असा आवाज यायला लागला. मला तो ऐकू आला. भांडी वाजत असतील असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर टपरीपासून मी यांच्याशी बोलत नव्हते, आणि थांबा म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. थोड्या वेळानं आवाज बंद झाला. मला बरंच वाटलं.

आणखी दहा-बारा किलोमीटर गेलो असू. एक मोटरसायकल हॉर्न देत देत आमच्या बरोबरीनं आली. चालवणारा ओरडला, "काका, मागचा पल्ला लोंबकळून राहिला तुमचा! गाडी थांबवा!"

हे उतरून मागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मग माझ्या खिडकीपाशी आले. "स्कूटर नाही," एवढंच म्हणाले. मी विचारलं, नाही म्हणजे? "पडली कुठं तरी. रॅम्प खाली आला. पट्टे घसरले." बोलता बोलता त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला आणि खिशातून ती जाड पिन बाहेर आली. टपरीवर काढून खिशात ठेवली होती ती. मी घाई लावली म्हणून परत घालायची राहून गेली. त्यांनी पिनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या क्षणी ते मला काहीही बोलू शकले असते आणि ते खरंच ठरलं असतं. ते म्हणाले, "माझ्या हातानं चूक झाली," आणि जाऊन स्टिअरिंगवर बसले.

गाडी वळवली. त्या परतीच्या रस्त्याबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढं फक्त स्कूटर होती, चुरा झालेली. मग एकदम वेगळंच मनात आलं. भर रस्त्यात ऐंशी किलोचं धूड पडलं. मागून कोणी मोटरसायकलवाला येत असेल. पुढच्या टाकीवर लेकरू बसवलेलं असेल. तो येऊन आदळला असेल तर? माझ्या एका चकरेपायी, टपरीवरच्या चार माणसांना तोरा दाखवायच्या पायी, कोणाचा तरी जीव गेला असेल तर? समोरून ॲम्ब्युलन्स येताना दिसते का म्हणून मी डोळे फाडून पाहत होते. आणि माझ्याही नकळत, चार वर्षांत पहिल्यांदा, माझ्या तोंडून निघालं: महादेवा, कोणाला लागू देऊ नको. स्कूटर गेली तर जाऊ दे. कोणाला लागू देऊ नको. तेवढंच, पुन्हा पुन्हा. भांडणासाठी पाठ केलेलं एक वाक्यही मला आठवत नव्हतं.

एका वळणावर रस्त्याच्या कडेला खळं होतं. धानाची मळणी चाललेली. एका बाजूला कापलेल्या धानाचं उंच पुंजणं रचलेलं, दुसरीकडं मळून उरलेल्या तणसाचा ढीग. आणि त्या तणसावर, निळी ताडपत्री नीट पांघरून, आमची स्कूटर ठेवलेली होती. सात-आठ बाया भोवती उभ्या होत्या. आमची गाडी पाहताच एक उंच, काटक बाई हात वर करून रस्त्यावर आली. पन्नाशीची असेल. केसांत भुसा, कमरेला पदर खोचलेला, हातात सूप.

"तुमचीच आहे ना जी?" तिनं विचारलं. यांनी मान हलवली. "कोनाले लागलं तं नाही ना?" यांचा पहिला प्रश्न तोच होता. म्हणजे बारा किलोमीटर आम्ही दोघंही एकच गोष्ट मनात धरून आलो होतो.

"नाही जी. ट्रक येऊन राहिला होता मागून, पन मी आडवी झाली," असं ती अगदी सहज म्हणाली. तिचं नाव शेवंताबाई. ती धान उपणत होती. आवाज झाला म्हणून मान वर केली तर रस्त्याच्या मधोमध निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, पट्ट्यानं बांधलेलं काहीतरी पडलेलं. "आम्हाले वाटलं मानूस पडला. आजारी मानूस नेत असतीन गुंडाळून, तो पडला. मी सूप हालवत ट्रकपुढं उभी राहिली. मंग साऱ्या जनी धावल्या. ताडपत्री सोडाले भेव वाटे, आत काय दिसते काय मालूम. सोडली तं गाडी!" ती हसली, आणि बाकीच्याही हसल्या.

मला हसू आलं नाही. मी खिडकीत डोकं टेकवून रडायला लागले. दवाखान्यात रडले नव्हते, आई गेली तेव्हाही पुरतं रडले नव्हते, ते सगळं तिथं आलं. माणूस समजून त्या धावल्या होत्या. एका अनोळखी, गुंडाळलेल्या, बांधलेल्या आजारी माणसासाठी ती बाई ट्रकपुढं उभी राहिली होती. ते माणूस कोण होतं हे मला चांगलंच ठाऊक होतं.

शेवंताबाई दारातून आत आली आणि मला काही न विचारता तिनं आपला भुश्यानं भरलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. यांनी तोवर स्कूटर तपासली. पुढचं एक चाक मोडून आडवं झालं होतं, हँडल वाकलं होतं. "चालत नाही," ते म्हणाले. मी डोळे पुसून म्हटलं, "चला परत. नागपूरला चला."

"कुठं जाऊन राहिल्या होत्या?" शेवंताबाईनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मार्कंडा? येथून तं जवळच आहे. मंग जा ना." मी पायांकडं बोट दाखवलं. गाडी जाईल, पण पुढं दगड आहेत, पायऱ्या आहेत, कशी जाऊ? "आम्ही नेतो ना," ती म्हणाली. जणू विहिरीवरून घागर आणायची होती.

मी नको म्हटलं. तिनं कारण विचारलं, आणि का कोण जाणे, मुलीला, डॉक्टरला, यांनाही जे कधी सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. लग्नातली खुर्ची, सरकलेली साडी, पोतं. म्हटलं, "मले कोनी उचललं की मी मानूस राहत नाही असं वाटते. दुसऱ्याले माझा भार."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी पोरगी दोन जीवांची होती ना, तवा पुरात रस्ता बंद झाला. गावातल्या मानसायनं बाजेवर घालून चिखलातून नेली तिले, मोठ्या रस्त्यापर्यंत. मी बाजूनं चालून राहिली होती. सारखी म्हने, आई, यायले माझा भार होऊन राहिला. मी एकाले विचारलं, बापू, जड आहे का? तो म्हने, काकू, आमाले तं काई समजूनच नाही राहिलं." मग ती म्हणाली, "उचलनाऱ्याले जड नाही वाटत, बाई. ज्याले उचलते त्यालेच वाटते."

मी पायांवरची साडी सारखी केली. ती माझी संमती समजून शेवंताबाई कामाला लागली. खळ्यावर तिच्या सासऱ्यांची बाज होती, राखणीला झोपायची. सासरे म्हणाले, न्या, मी तुमच्या स्कूटरजवळ बसतो. स्कूटर तणसावर राहिली आणि तिच्या जागी, कॅरियरवर, यांनी ती बाज उभी करून पट्ट्यांनी आवळली. रॅम्प वर केला. पिन घातली. तीनदा ओढून पाहिली. शेवंताबाई आणि आणखी तिघी हातपाय धुऊन गाडीत चढल्या. पलंग, शेगडी, टाकी पाहून त्यांना नवल वाटलं, पडद्याआडचा कमोड पाहिल्यावर एक जण म्हणाली, "अवं माय, घरबी संगं अन् संडासबी संगं!" आणि सगळ्यांबरोबर मीही हसले. शेवटची कधी अशी बायकांच्या घोळक्यात बसून हसले होते ते आठवेना.

मार्कंड्याला गर्दी नव्हती. महाशिवरात्रीची जत्रा नसते तेव्हा तिथं शांत असतं. खाली वैनगंगेचं रुंद पात्र, त्यात पाणी कमी आणि वाळू जास्त. वैनगंगा इथं उत्तरेकडं वळते, म्हणून आई त्या पाण्याला फार मानायची. काळसर दगडाची देवळं उन्हात तापत होती. बाज उतरवली. तिच्यावर माझीच गोधडी घातली. मी फळीवरून तिच्यावर सरकले. शेवंताबाईनं माझी साडी घोट्यापर्यंत नीट ओढली आणि दोन्ही पायांभोवती पदरासारखी एक शाल गुंडाळून खोचली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. चौघींनी चार खूर धरले आणि बाज उचलली.

मी डोळे मिटून घेतले होते. बाज कलेल, कोणी काही बोलेल, याची वाट पाहत होते. पण त्या बायकांची चाल एक होती. भारे वाहून वाहून चौघींचे खांदे सारखे झालेले. बाज हलत होती ती पाळण्यासारखी. एकीनं दुसरीला आज संध्याकाळी भाजी काय करणार ते विचारलं. दुसरी म्हणाली, वांगे. माझ्या डोक्यावरून त्यांचं बोलणं चाललं होतं आणि त्यात मी कुठंच नव्हते, ना पोतं ना दया. मी डोळे उघडले. वर निळं आकाश, आणि दगडांतून कोरलेल्या मूर्तींच्या रांगा सरकत चाललेल्या. उभ्यानं चालणाऱ्याला देऊळ असं दिसत नाही.

गाभाऱ्याच्या दाराशी बाज अडली. दार अरुंद, उंबरठा उंच. हे पुढं झाले, पण मी म्हटलं, इथून मी जाते. हातांत अजून माझा जुना जोर होता. बाजेवरून उतरून मी दगडावर बसले, तळवे टेकवून शरीर पुढं ढकललं. उंबरठ्याशी पाय अडकले. शेवंताबाईनं वाकून ते दोन्ही हातांनी उचलून पलीकडं ठेवले, जसे देव्हाऱ्यात देव ठेवतात तसे, हळूच. मी पिंडीसमोर पोचले.

आत थंड होतं. दिवा, बेल, ओल्या दगडाचा वास. मी बोलायला आले होते, आणि मला बोलायचं काही सापडेना. काही दिसलं नाही, कोणताही आवाज ऐकू आला नाही, पायांत काही संचारलं नाही. खोटं कशाला सांगू? फक्त एवढं झालं की चार वर्षं आतून घट्ट आवळून धरलेलं काहीतरी सैल पडलं. मी कपाळ दगडाला टेकवलं आणि तसंच राहू दिलं. कोणीतरी घाई करेल असं वाटलं, पण कोणी केली नाही. मागं वळले तेव्हा हे उंबरठ्यापलीकडं हात जोडून उभे होते. मी म्हटलं, "अहो, घाई मी लावली होती टपरीवर." ते म्हणाले, "मले माहीत आहे." मग जोडलेले हात खाली घेत म्हणाले, "पिन लावायचं काम माझं होतं वं." इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांची इतकी मोठी माफी कधी मागितली नव्हती.

परत खळ्यावर आलो. घरगाडीतल्या शेगडीवर मी सगळ्यांसाठी चहा केला. सासऱ्यांची बाज उतरली आणि मोडकी स्कूटर चढली. मी शेवंताबाईचे हात धरून काही बोलायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "आमचीच चक्कर झाली देवाची तुमच्यामुळं. मळणीत कोन जाते मार्कंड्याले?" आणि सूप उचलून पुन्हा धान उपणायला लागली.

आमचे हे पिनेबद्दल अजून हळहळतात. पिन विसरली म्हणून स्कूटर पडली, हे खरंच आहे, त्यात मी देवाला ओढत नाही. ती खळ्यासमोर पडली, त्याच क्षणी एका बाईनं मान वर केली, आणि तिनं गुंडाळलेल्या स्कूटरला माणूस समजलं, याचं मी काय करू ते मला कळत नाही. म्हणून मी त्याचं काही करत नाही. फक्त हात जोडते. इतकं मात्र कळलं, की इतके दिवस मी ज्याला स्वाभिमान म्हणत होते त्यात निम्मी भीती होती. देवापुढं सगळं सोडून द्यावं, असं आपण म्हणतो. मला ते सोडणं माणसांच्या हातांत शिकावं लागलं. तो अदृश्य आहे म्हणून त्याच्यावर भार टाकणं सोपं, माणसांना तोंड दाखवावं लागतं.

स्कूटर दुरुस्त झाली. मी रोज तिच्यावरून भाजी आणायला जाते. महिन्याभरात संक्रांत आली. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांच्याकडं दरवर्षी हळदीकुंकू असतं. चार वर्षं त्या बोलवायला येत आणि मी नाही म्हणे, मग संध्याकाळी तिळगूळ आणि वाण ताटलीत घालून त्या खाली पाठवून देत. या वर्षी वरून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी नवी साडी नेसून स्कूटरवरून जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि वर तोंड करून हाक मारली, "वहिनी, कोणी चौघी खाली या वं. मले वर घ्या."

मग चपलांचा गलका जिन्यातून खाली आला. प्लास्टिकची खुर्ची कोणी आणली, कोणी धरली, कोणी माझा पदर सावरला. त्यांना सवय नव्हती, शेवंताबाईच्या बायकांसारखी चाल त्यांना जमेना. खुर्ची इकडं कलत होती, तिकडं कलत होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या दम खायला थांबल्या आणि सगळ्या एकदम हसत सुटल्या. मी त्या चौघींच्या हातांमध्ये मधल्या मध्ये बसून होते, ना वर ना खाली. माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. खुर्ची धरायची आठवणही झाली नव्हती मला.